सुट्टी, शिदोरी आणि जुनी पुस्तकं
(राजूर येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



परवापासून आपला वर्ग सुट्टीसाठी बंद होईल. लेकरांच्या शाळाही सुटतील. मग दोन महिने फळा नाही, खडू नाही. या दोन महिन्यांत आपल्या अक्षरांचं काय होणार, त्यावर मला आज बोलायचं आहे.

विळा पडून राहिला की गंजतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाचनाचंही तसंच आहे. लहानपणी शिकलेलं अक्षर जन्मभर टिकतं. मोठेपणी शिकलेलं मात्र लवकर रुसतं. माझ्या सासूबाई साठीला आल्या तेव्हा वर्गात जाऊन वाचायला शिकल्या. वर्गाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांपुढे धडा वाचून दाखवला. पण पुढे घरात वाचायला होतं काय? विजेचं बिल, लग्नाच्या पत्रिका आणि तेलाच्या पिशवीवरचं नाव. एवढ्यावर अक्षर जगत नाही. वर्षभराने पाहावं तर त्या 'प्रार्थना' या शब्दावर अडकल्या. दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "जाऊ दे बाई, माझ्यानं आता होत नाही." चष्मा काढून त्यांनी पेटीत ठेवला. तो महिनाभर बाहेर काढला नाही.

मला ते फार लागलं. हातात आलेली वस्तू अशी परत जाऊ द्यायची का?

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकं विकत आणा. खरं आहे. पण नव्या पुस्तकाची किंमत पाहिली की हात मागे येतो. दीडशे, दोनशे रुपये. तेवढ्यात घरचा किराणा येतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात पुस्तकाचा नंबर तेल-मिठानंतरच लागणार. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण एक रस्ता आहे. जुनी पुस्तकं.

जुनं पुस्तक म्हणजे फाटकं पुस्तक नव्हे. दुसऱ्या कोणी वाचून बाजूला ठेवलेलं पुस्तक. त्यातली अक्षरं वापरून झिजत नाहीत. आधी दहा जणांनी वाचलं तरी अकराव्याला ते पूर्ण मिळतं. अशी दुसरी कोणती वस्तू आहे सांगा बरं? लुगडं झिजतं, भांडं पोचतं, बैल म्हातारा होतो.

आणि जुनी पुस्तकं मिळण्याचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळा. कारण साधं आहे. मार्च-एप्रिलात परीक्षा संपतात. लोक घर आवरतात. पोरांची वह्या-पुस्तकं, वर्षभराची मासिकं, मागच्या दिवाळीचे अंक, सगळं रद्दीवाल्याकडे जातं. तिथे ते किलोवर तोललं जातं. पुढे त्याचा गठ्ठा बांधला की ते पुस्तक राहत नाही, लगदा होतो. त्या अगोदर आपण पोचलो, तर ते आपलं.

म्हणून आमच्या घरात एक रीत पडली आहे. उन्हाळ्यात दोन-तीनदा सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. जवळचं एखादं ठिकाण पाहायचं, आणि त्याच गावात जुनी पुस्तकं शोधायची. सासूबाई, लेकरांचे बाबा, मी आणि दोन लेकरं. शिदोरी घरची. पहिल्या वर्षी लेकरांचे बाबा कुरकुरले. "रद्दीत पैसे घालायला बस करून जायचं? लोक हसतील." मी म्हटलं, लोकांचं लोक पाहतील, तुम्ही पिशवी धरा.

पहिल्यांदा आम्ही भद्रावतीला गेलो. जुन्या लोकांच्या तोंडी त्याला भांदक म्हणतात. वणीवरून वरोरा, वरोऱ्यावरून पुढे. आपल्याला हे गाव इतकं जवळचं की कोणी पाहायला म्हणून जात नाही. नागदेवाच्या दर्शनाला जातात आणि परत येतात. पण गावाजवळच्या टेकडीत विजासनची लेणी आहेत. डोंगर सरळ आत खोदत नेला आहे, लांब बोगद्यासारखा. आत शेवटी भगवान बुद्धांची मोठी बसलेली मूर्ती आहे. दोन्ही बाजूंनाही तशाच वाटा खोदल्या आहेत आणि त्यांच्या टोकालाही मूर्तीच्या खोल्या आहेत. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत गारवा. खाणीत काम केलेल्या माणसाला दगड फोडणं म्हणजे काय ते कळतं. लेकरांचे बाबा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "सुरुंग नाही, मशीन नाही. छिन्नी-हातोडीनं केलंय हे." कितीतरी वेळ ते तिथून हलेनात.

त्याच गावात पार्श्वनाथांचं जैन मंदिर आहे, दूरदूरचे यात्रेकरू तिथे येतात. डोलारा तलावावर जाडजूड दगडी खांबांचा जुना पूल आहे. बौद्ध, जैन, हिंदू, सगळ्यांच्या खुणा एका गावात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपटही भांदकलाच सापडला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला दानाचा लेख. त्यावरचं साल शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२. बाराशे वर्षांहून जुना सातबाराच म्हणा ना! माझ्या पोराने विचारलं, "तांब्यावर कशाला लिहिलं?" आजी म्हणाली, "वाळवी लागू नये म्हणून." मला वाटतं तिचं उत्तर बरोबर आहे.

दुपार आम्ही झाडाखाली काढली. ऊन उतरल्यावर रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बसा आणि निवडा." आम्ही चौघं खाली बसून गठ्ठे उपसू लागलो. लेकरांना 'किशोर' मासिकाचे अंक मिळाले. हे मासिक बालभारती १९७१ पासून काढते. दोन 'चांदोबा' मिळाले. चांदोबा आता नवा निघत नाही, जुना मिळाला तरच वाचायचा. सासूबाईंना मोठ्या टाईपातलं एक कथेचं पुस्तक सापडलं. ते त्यांनी स्वतः उचललं, उघडलं, आणि पहिली ओळ पुटपुटत वाचली. मग गपचूप पिशवीत घातलं. पेटीतला चष्मा त्यांनी सकाळीच कनवटीला लावून आणला होता, हे मला तेव्हा कळलं. आणि लेकरांचे बाबा? पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं एक पुस्तक त्यांच्या हाताला लागलं. चित्रं भरपूर होती. घरी आल्यावर ते पुस्तक रात्री दहापर्यंत कोणालाच मिळालं नाही. रद्दीचा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या वर्षी चंद्रपूर. तिथे पाहायला एक दिवस पुरत नाही. गोंड राजांनी शहराभोवती दगडी तट बांधला, तो अजून उभा आहे. त्याला चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा. शिवाय लहान वाटा आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात. दरवाजावर दगडात कोरलेला सिंह आहे, त्याने हत्तीला खाली दाबलं आहे. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. बीरशहा राजाची समाधी सगळ्यांत देखणी, ती त्याच्या राणीने, राणी हिराईने बांधवली. महाकालीचं देऊळही तिनेच बांधलं. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते, ती तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली असेल. पण देऊळ बांधणारी बाई कोण, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? मलाही ठाऊक नव्हतं. ते जुन्या पुस्तकातून कळलं.

अंचलेश्वराजवळ पाटी होती. सासूबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या. लेकरं वाचायला धावली तर त्यांना मागे ओढलं. "थांबा रे, मला वाचू द्या." एकेक अक्षर लावत त्यांनी 'अंचलेश्वर' वाचलं. 'श्व' हे जोडाक्षर आहे, सोपं नाही. मागे पाच-सहा अनोळखी माणसं उभी होती, तीही थांबून राहिली.

अशा जागी गेलात की पाटी जरूर वाचा. पुरातत्त्व खात्याची पाटी बहुतेक ठिकाणी असते. पाटीचं वाचन फुकट असतं आणि समोर ती वस्तू उभी असते, त्यामुळे शब्द अडला तरी अर्थ लागतो. नवीन वाचणाऱ्याला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

चंद्रपूरची आणखी एक गोष्ट सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली, हे सर्वांना माहीत आहे. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चंद्रपूरला येऊन तिथेही दीक्षा दिली. त्या दिवसांत दरवर्षी नागपूरच्या आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात, आणि तिथे पुस्तकांची दुकानं लागतात. दुसऱ्या यात्रांतून लोक प्रसाद आणतात, खेळणी आणतात. या यात्रेतून लोक पुस्तकं आणतात. पायी आलेला मजूरसुद्धा दोन पुस्तकं घेऊन घरी जातो. ही रीत कुठून आली, ते बाबासाहेबांचं आयुष्य पाहिलं की कळतं. १९१३ ते १९१६ ते अमेरिकेत न्यूयॉर्कला शिकत होते. पैशाची ओढ होती. तरी पोटाला चिमटा घेऊन ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. अशी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं त्यांनी तिथे जमवली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं आहे. नवी घेण्याची ऐपत असती तर घेतलीही असती. जुनी घेतली, आणि वाचली.

बरं, आता कामाची माहिती. जुनं पुस्तक घ्यायचं कसं?

आधी अक्षराचा आकार पाहा. बारीक टाईपाचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी नव्याने वाचणाऱ्याने सुरुवातीला घेऊ नये. मग पानांचे आकडे मोजा. पुस्तकाचे कागद सोळा-सोळा पानांचे फर्मे करून शिवलेले असतात. एखादा फर्मा निघून गेला की मधली सोळा पानं एकदम गायब होतात, आणि वरून कळत नाही. शेवटचं पान आहे का तेही पाहा, नाहीतर गोष्टीत चोर सापडायच्या वेळी पुस्तक संपतं! पानं झटकून कसर आहे का बघा. बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसला तर ते पुस्तक घरी नेऊ नका, ते बाकीच्यांनाही खाईल. घरी आणलेलं पुस्तक एक-दोन दिवस उघडं करून वाऱ्यावर ठेवा, मग कडुलिंबाचा वाळला पाला घालून पेटीत. भाव करताना एकेक पुस्तक विचारू नका, पाच-सहा एकदम पुढे करा. दुकानदार मग फार ताणत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे छापल्याचं साल पाहा. नावाच्या पानाच्या मागच्या बाजूला ते असतं. कधी शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. शके १८७७ असेल तर १९५५.

हे साल कशाला पाहायचं? गोष्ट जुनी झाली तर काही बिघडत नाही. पण औषध, फवारणी आणि कायदा, या तीन गोष्टींत जुनं पुस्तक जीव घेऊ शकतं. शेतीची जुनी पुस्तकं मला पुष्कळ मिळाली. त्यांत कपाशीवर डीडीटी मारा, एंड्रिन मारा असं बिनदिक्कत छापलेलं आहे. ही औषधं शेतीत आता बंद आहेत. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं. आणि २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. त्यांच्यापैकी किती जणांना डब्यावरची चिठ्ठी वाचता येत होती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तेव्हा शेतीच्या जुन्या पुस्तकातली मशागतीची, बियाणं राखण्याची माहिती जरूर वाचा. पण औषधाचं पान आलं की थांबा. आजच्या डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचा आणि कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

जुन्या पुस्तकाची गंमतही सालातच असते. आमच्या पोरीला एक जुना शाळेचा नकाशा मिळाला. त्यात यवतमाळ मध्य प्रदेशात! ती धावत आली, "आई, पुस्तक चुकलं." चुकलं नव्हतं. १९५६ पर्यंत आपला विदर्भ मध्य प्रदेशातच होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. मग मुंबई राज्य आलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. त्याच्याही मागे गेलं तर आपल्या जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ झालं. चंद्रपूरला जुन्या पुस्तकांत चांदा म्हटलेलं असतं. लोकनायक बापूजी अणे १८८० मध्ये वणीला जन्मले, तेव्हा ते वणी जिल्ह्यातच जन्मले. नव्या पुस्तकात हे एका ओळीत सांगतात. जुन्या नकाशात ते बोट ठेवून दाखवता येतं.

असा नाद फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात शोधा. तिथे गेलात तर अजब बंगला, म्हणजे सरकारी संग्रहालय, लेकरांना दाखवा. ते १८६३ चं आहे. सीताबर्डीचा किल्ला मात्र ठराविक दिवशीच उघडतात, आधी चौकशी करून जा. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. ती मातीची, बांबूची झोपडी पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस, आणि घर आपल्यासारखं!"

सातारा जिल्ह्यात भिलार नावाचं गाव आहे, स्ट्रॉबेरीचं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे. लोकांनी आपल्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडली आहेत. कोणीही जावं, बसावं, वाचावं. पैसे नाहीत. ही कल्पना आली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या लहान गावावरून. वेल्स हा ब्रिटनचा भाग. तिथे १९६१-६२ च्या सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. पुढे दुकानांवर दुकानं निघाली. बंबाचं जुनं ठाणं, बंद पडलेलं सिनेमागृह, सगळीकडे जुनी पुस्तकं. १ एप्रिल १९७७ ला तर त्याने आपण या गावचे राजे झालो म्हणून जाहीर केलं! थट्टाच होती, पण जगभरचे लोक त्या गावाकडे वळले. आपलं राजूर कोळशाने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी ओळखलं जातं. ते गाव रद्दीने ओळखलं जातं.

खर्चाचं म्हणाल तर तो पूर्वीइतका राहिलेला नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षांच्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आहे. लहान लेकरांना अर्धं होतंच. आमच्या पाच जणांच्या घरात पूर्ण तिकीट एकाचंच लागतं, ते म्हणजे लेकरांच्या बाबांचं. पुस्तकांसाठी आम्ही आधीच रक्कम ठरवतो. प्रत्येकाला तीस रुपये, सासूबाईंना पन्नास. कोणी काय घ्यावं हे दुसऱ्याने सांगायचं नाही. पोरीने एकदा नुसत्या रांगोळ्यांचं पुस्तक घेतलं. घेऊ द्या. तिने त्यातली नावं वाचून बहिणींना शिकवली.

ऊन मात्र सांभाळा. आपल्याकडचं ऊन खेळ नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पहिल्या गाडीने निघा, अकराच्या आत पाहणं उरका, चार वाजेपर्यंत सावली सोडू नका. डोक्याला दुपट्टा बांधा. पाणी घरून न्या, सोबत कैरीचं पन्हं असलं तर उत्तम. म्हातारं माणूस किंवा लेकरू गळून गेलं, त्याचं अंग तापलं, तर पुढचं सगळं सोडा आणि दवाखाना गाठा.

आणि ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांनी कायरला जावं, तिथले गरम पाण्याचे झरे पाहावेत. वणीचं रंगनाथस्वामींचं मंदिर आहे. वणीलाच बाजार करायला जाता तेव्हा अर्धा तास रद्दीच्या दुकानात घाला. तेवढ्याने भागतं.

येत्या रविवारी आम्ही चार-पाच घरं मिळून भद्रावतीला निघणार आहोत. सकाळच्या पहिल्या गाडीने वणी, तिथून पुढे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जाताना दाराजवळच्या वहीत नाव लिहावं. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये, आपल्या हाताने लिहावं. भाकरी ज्याची त्याने आणायची. पिशवी कापडाची आणा, पुस्तकांच्या वजनाने प्लास्टिकची फाटते.